आई चित्रकला शिक्षिका होती. युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये बायकांचं काम कुठे बघायला मिळेल? (बे एरिया)

मीनल_सनीव्हेल · ८ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

आई एप्रिलच्या शेवटी आली, ऑक्टोबरपर्यंत आहे. मिरजेला मुलींच्या शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली तिने. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालेली, इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलींचे स्थिरचित्राचे तास रविवारी घरी फुकट घेणारी. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे नातवाचं कौतुक झालं, मग लोणची झाली, मग सुरू झालं, "मीनल, इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही गं."

म्हणून जूनमध्ये एका मोठ्या म्युझियमला घेऊन गेले. दोघींची तिकिटं, पार्किंग, आतलं वाळकं सँडविच, सगळं मिळून किती झाले ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आई दोन तास एक शब्द बोलली नाही. मला वाटलं भारावली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पाट्या वाचत होते मी. दोन मजल्यांवर १९ पुरुष आणि एक बाई. आणि भिंतीवर कपडे न घातलेल्या बायका किती, ते मोजायचं मी मधेच सोडलं."

ऑफिसातल्या एकीने युनिव्हर्सिट्यांची म्युझियम बघ म्हणून सुचवलं. त्यांच्या साइटवर गेले तर समर प्रोग्राम, फॉल ओपनिंग, टूर, टॉक, काय कशासाठी आहे ते कळेना. हे सगळं विद्यार्थ्यांसाठी असतं का? बाहेरच्यांना आत सोडतात का? आईचे गुडघे दुखतात, इंग्रजी वाचते पण भरभर बोललेलं कळत नाही. मला शनिवार-रविवारच मोकळा. कुणी गेलंय का?

---

प्रसाद७८ · ८ जुलै

कला ती कला, त्यात बाई-पुरुष कशाला आणायचं? आईंना योसेमिटीला न्या. निसर्गासारखा चित्रकार नाही.

---

शुभांगी_फ्रीमाँट · ९ जुलै

मीनल, प्रसादरावांना योसेमिटीला जाऊ दे, तू इकडे लक्ष दे.

(प्रसादराव, राग मानू नका. पण १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये गुरिल्ला गर्ल्स नावाच्या बायकांनी गोरिलाचे मुखवटे चढवून नेमकं हेच मोजलं होतं. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या आधुनिक कलेच्या दालनांत चित्रकार बायका ५ टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांमधल्या बायका ८५ टक्के. त्याचं पोस्टर केलं, ते जगभर गाजलं. मिरजेच्या बाईंनी पोस्टर न बघता तोच हिशेब मांडला. मला तर त्यांना भेटायचंय.)

आता कामाचं. मी १९९४ पासून २२ वर्षं स्टॅनफर्डच्या कॅम्पसवर एका लॅबमध्ये काढली. कँटर म्युझियम तेव्हा बंदच होतं. १९८९च्या भूकंपाने इमारत खिळखिळी झाली होती, ते १९९९ च्या जानेवारीत उघडलं. तेव्हापासून माझा जेवणाचा डबा दहा मिनिटांत संपायचा आणि उरलेला वेळ तिथे जायचा. तिकीट नाही, कुणी "कोण तुम्ही" विचारत नाही. सोमवार-मंगळवार बंद असतं, ते लक्षात ठेव. शेजारीच अँडरसन कलेक्शन आहे, तेही फुकट. कॅलट्रेनने पालो आल्टोला उतरलात तर तिथून मार्गरीट नावाची फुकट शटल असते, पार्किंगची कटकट नको असेल तर.

तारखांचं असं आहे की युनिव्हर्सिटीचं म्युझियम शाळेच्या वेळापत्रकावर चालतं. आईंना एका वाक्यात कळेल. स्टॅनफर्डची तिमाही सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते, त्यामुळे मोठी नवी प्रदर्शनं बहुधा त्याच सुमाराला उघडतात, म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडताना फळा रंगवून घेतात ना, तसं. नाताळात सामसूम. वसंतात विद्यार्थ्यांनी लावलेली छोटी प्रदर्शनं, ती मला सगळ्यात आवडतात, कारण पाट्या लिहिणारं पोर वीस-एकवीस वर्षांचं असतं आणि अजून घाबरून लिहीत असतं. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेलेले, व्याख्यानं कमी, पण दालनं रिकामी आणि बाकं मोकळी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुलैसारखा महिना नाही. हे सगळे कार्यक्रम बाहेरच्यांसाठीही असतात. "टूर" लिहिलेलं असेल ते स्वयंसेवक फिरवतात, त्यातल्या बऱ्याच माझ्या वयाच्या बायका. हळू बोला म्हटलं की बोलतात.

एक गोष्ट आधीच सांगते. कागदावरची कामं, म्हणजे जलरंग, छापचित्रं, फोटो, ही उजेडाने फिकी पडतात, म्हणून काही महिने भिंतीवर ठेवून पुन्हा अंधारात पेटीत ठेवतात. मी एकदा सांगलीच्या मावशीला एक छापचित्र दाखवायला दोन तास गाडी चालवत आणलं आणि त्या जागी दुसरंच टांगलेलं. तेव्हा जे टिकाऊ आहे त्यापासून सुरुवात कर.

आणि ते म्हणजे रूथ असावाचे चेहरे.

आत गेल्यावर रोदँच्या पुतळ्यांपाशी थांबू नकोस, सगळे तिथेच अडकतात. सरळ विचार, "असावाचे मास्क कुठे?" एका भिंतीवर २३३ चेहरे आहेत. मातीचे, भाजलेले, कुणी विटकरी, कुणी पांढुरका, कुणी काळपट. ही बाई सॅन फ्रान्सिस्कोत नोए व्हॅलीत राहायची. घरी आलेल्याला ती विचारायची, चेहरा देतोस का? आडवं झोपवून तोंडावर प्लास्टर, त्याचा साचा, साच्यात माती दाबून चेहरा. १९६६ च्या सुमारापासून पुढे कित्येक वर्षं हे चाललं. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराशेजारी, हे चेहरे टांगलेले असायचे. मित्र, शेजारी, पोरं, नातेवाईक. कँटरने ती सगळी भिंतच घेतली आणि २०२२ मध्ये मांडली.

तुझ्या आईंना हिची हकिगत सांग, कारण ती त्यांच्याच पेशाची आहे. जन्म १९२६चा, कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा, आईवडील जपानी, भाजीपाल्याची शेती. जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेने इथल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. १९४२ मध्ये वडिलांना एफबीआयने उचललं आणि बाकीच्या कुटुंबाला सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात नेऊन ठेवलं. ती तेव्हा १६ वर्षांची. तिथे कोंडलेल्या लोकांत डिस्नेचे चित्रकार होते, त्यांनी पोरांना चित्रकला शिकवली. मग आर्कान्सामधली रोवर छावणी. सुटल्यावर मिल्वॉकीच्या टीचर्स कॉलेजात गेली, चित्रकला शिक्षिका व्हायचं म्हणून. शेवटच्या वर्षाला सराव पाठ घ्यायला लागतात ना (आईंना विचार, त्यांनाही घ्यायला लागले असतील), तर जपानी वंशाची म्हणून हिला कुठली शाळाच देईनात. पाठ नाहीत म्हणून पदवी नाही. ती पदवी १९९८ मध्ये मिळाली. तोवर बाई ७२ वर्षांची.

पुढे १९६८ मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्कोच्या अल्व्हाराडो शाळेत पालकांना हाताशी धरून कलेचे वर्ग काढले. पैसे नव्हते. अंड्यांचे खोके, दुधाचे पुठ्ठे, आणि माती म्हणून कणीक. चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी. या कणकेवर पोरांनी केलेल्या आकृत्यांवरून तिने युनियन स्क्वेअरजवळचं ब्राँझचं कारंजं ओतवलं. आजही आहे, फुकट बघता येतं, बोट लावता येतं.

तारेचं काम तर तिचं प्रसिद्धच. १९४७ मध्ये मेक्सिकोत टोलुकाला अंड्यांच्या तारेच्या टोपल्या विणताना बघितल्या आणि तेच शिकली. एकच तार, फासात फास, आकाराच्या पोटात दुसरा आकार, त्याच्या पोटात तिसरा. वरून टांगलेले. लोक तेव्हा म्हणायचे, हे तर विणकाम, ही बायकांची हस्तकला. सहा मुलं होती घरात, ती पायाशी खेळायची नि ही विणत बसायची. सध्या एसएफमोमामध्ये (सॅन फ्रान्सिस्कोचं आधुनिक कलेचं म्युझियम) तिचं भलंमोठं प्रदर्शन आहे, २ सप्टेंबरपर्यंत, पण तिथे तिकीट आहे. पैसे वाचवायचे असतील तर सॅन फ्रान्सिस्कोतल्याच डी यंग म्युझियमच्या मनोऱ्याखालच्या दालनात तिच्या तारेच्या आकृत्या कायम टांगलेल्या असतात आणि त्या भागाला तिकीट लागत नाही.

दुसरी जागा बॅम्पफा, म्हणजे बर्कली युनिव्हर्सिटीचं म्युझियम. सध्या तिथे गोधड्या आहेत. हो, गोधड्याच. अमेरिकेच्या दक्षिणेतून कॅलिफोर्नियात आलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी शिवलेल्या, शंभराच्या आसपास, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. ऑकलंडच्या एली लिऑन नावाच्या माणसाने आयुष्यभर जमवलेल्या ३,०००च्या आसपास गोधड्या त्याच्यामागे या म्युझियमला मिळाल्या. त्यात रोझी ली टॉम्पकिन्सचं काम बघितलंस तर मखमलीचे तुकडे असे जोडलेत की डोळे फिरतात. खरं नाव एफी मे हॉवर्ड. स्वतःचं नाव तिने लोकांना कळू दिलं नाही. तिथे एरवी तिकीट आहे, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी फुकट. मिलपिटासहून रिचमंडकडे जाणारी बार्ट ट्रेनची ऑरेंज लाइन धर, गाडी बदलायला लागत नाही. डाउनटाउन बर्कलीला उतरून दोन मिनिटं चालायचं.

एका दिवशी एकच जागा. आणि आईंना वही-पेन्सिल घेऊन जाऊ दे. पेन्सिल चालते, शाई आणि रंग चालत नाहीत.

---

जर्सीचा_जोशी · ९ जुलै

बे एरियाच्या धाग्यात घुसतोय, पण शुभांगीताईंनी मातीचा विषय काढला म्हणून.

आमच्याकडे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचं म्युझियम गेली काही वर्षं बांधकामासाठी बंद आहे, नवी इमारत ३१ ऑक्टोबरला उघडतेय. सुरुवातीच्या प्रदर्शनांत तोशिको ताकाएझू आहे. हवाईत १९२२ मध्ये जन्मलेली, हीसुद्धा जपानी आईबापांची. प्रिन्स्टनला १९६७ पासून १९९२ पर्यंत शिकवायला होती. गंमत बघा, प्रिन्स्टनने पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली १९६९ मध्ये. म्हणजे मुली शिकायला यायच्या दोन वर्षं आधी बाई शिकवायला हजर.

तिची मडकी तोंड बंद केलेली असतात. वर जेमतेम टाचणीएवढं भोक. बंद करण्याआधी ती आत कागदात गुंडाळलेला मातीचा खडा टाकायची. भट्टीत कागद जळून जातो, खडा सुटा होतो. मडकं हलवलं की खुळखुळतं. म्युझियममध्ये हलवू देत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पण कॅम्पसवर नासाऊ हॉलच्या बाजूला ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी बाग आहे, तिथे तिने केलेली ब्राँझची घंटा टांगलेली आहे. ती केव्हाही बघा. म्युझियमलाही तिकीट नाही. पूर्वेला कुणी नातेवाईक असतील तर आईंचं जायचं तिकीट दोन आठवडे पुढे ढकला.

---

बडोदेकर · १० जुलै

आईंना नसरीन मोहमदींचं नाव सांगा. आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सला १९७२ पासून शिकवत होत्या. चित्रात माणूस नाही, झाड नाही, रंग जवळजवळ नाही. नुसत्या शाईच्या आणि पेन्सिलच्या रेघा, आर्किटेक्ट वापरतात त्या हत्यारांनी ओढलेल्या. चित्रकलेच्या शिक्षिकेला रूलिंग पेनने रेघ एकसारखी आणणं काय असतं ते माहीत असतं, बाकीच्यांना समजावून उपयोग नाही. शेवट आपल्या अलिबागजवळच्या किहीमला झाला, १९९० मध्ये. अमेरिकेतल्या म्युझियमांत हल्ली त्यांचं काम दिसतं. दिसलं तर सोडू नका.

---

मीनल_सनीव्हेल · २१ जुलै

काल जाऊन आलो! शुभांगीकाकू, तुम्हाला किती वेळा थँक्यू म्हणू. (काकू म्हटलं तर चालेल ना?)

आईने सराव पाठांची गोष्ट गाडीत तीनदा सांगायला लावली. मग गप्प. मग म्हणाली, "माझे पाठ कोल्हापूरला झाले. १२ पाठ. एका पाठाला मुख्याध्यापक झोपले होते." बस, एवढंच.

रोदँला आम्ही शिस्तीत टाळलं. त्या भिंतीसमोर आई बाकावर बसली आणि पहिलं वाक्य, "सगळ्यांनी डोळे मिटलेत." मी तोवर नुसतं वा वा करत होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्लास्टर डोळ्यात जाईल म्हणून मिटणारच, पण २३३ माणसं एका भिंतीवर डोळे मिटून आहेत हे एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही. मग ती उठली, गुडघे विसरून. नाक जवळजवळ भिंतीला. गार्ड आला, दोन पावलं मागे व्हा म्हणाला, ही मागे झाली आणि तो वळल्यावर परत पुढे. एकाच्या भुवईपाशी माती ओढली गेल्यासारखी दिसली तिला. "व्हॅसलिन कमी पडलं," म्हणाली. "आमच्या गल्लीत गणपतीवाले साच्याला तेल लावायचे ना, ते कमी पडलं की सोंडेपाशी असंच व्हायचं." एका चेहऱ्याच्या गालावर नुसती अंगठ्याची खूण होती, आतून माती दाबताना बाहेर उमटलेली असावी. आईने चेहरा नाही काढला. ती खूण काढली वहीत, एक अख्खं पान.

तिथली एक स्वयंसेवक बाई आली, सत्तरीची असेल. आई इंग्रजीत म्हणाली, "आय टीच. थर्टी वन इयर्स." त्या बाईने दोन्ही हात छातीवर ठेवले. पुढे दोघी अर्धा तास काय बोलल्या मला माहीत नाही, मी पोराला बाथरूमला नेलं होतं.

घरी आल्यावर कणीक. चार-एक-दीड. आई म्हणते दीड वाटी पाणी जास्त होतं, आपल्या मैद्याला सव्वा पुरे. ओव्हन मंद ठेवून दोन तास भाजलं. अर्णवने आजीचा चेहरा केलाय, चष्म्यासकट. कान विसरला, ते नंतर चिकटवले, त्यातला एक पडला.

गोधड्यांना मात्र यायला तयार नाही. म्हणते, "गोधड्या बघायला ट्रेनने? माझ्या ट्रंकेत चार आहेत."

---

शुभांगी_फ्रीमाँट · २१ जुलै

काकूच म्हण. अंगठ्याची खूण मला २०२२ पासून एकदाही दिसली नाही. येत्या शुक्रवारी जाऊन शोधते. कितवी ओळ सांग.

७ ऑगस्टला पहिला गुरुवार आहे. तू सुट्टी टाकू नकोस, तुझ्या आईंना मिलपिटास स्टेशनला सोड फक्त, मी तिथे असेन. मी रिटायर्ड आहे, मला काही काम नाही. त्यांना सांग, फ्रीमाँटच्या एका बाईला सोबत हवीय.

---

प्रसाद७८ · २२ जुलै

मास्कचा फोटो टाका ना कुणीतरी.

---

मीनल_सनीव्हेल · ८ ऑगस्ट

वरून तिसरी ओळ, उजवीकडून मोजा, नक्की आकडा आईला विचारून सांगते.

काल आई सकाळी नऊला डबा भरून तयार होती. दोघींसाठी दशम्या. संध्याकाळी सहाला परत. काकू, तुम्ही तिला काय खाऊ घातलंत, रात्री जेवली नाही.

घरी आल्यावर मला फक्त दोन गोष्टी सांगितल्या. एक, "त्यांचे टाके मोठे आहेत, पण कुठला तुकडा कुठे लावायचा ते त्यांना आपल्यापेक्षा कळतं. आपण चौकट सोडत नाही. त्या मधेच सोडतात आणि पुढे जाऊन परत धरतात." दोन, "मागची बाजू का नाही दाखवत? गोधडी मागून बघायची असते. गाठ कुठे मारली ते तिथे कळतं."

आज सकाळपासून माझ्या जुन्या जीन्स कापायला घेतल्यात. नवऱ्याची एक चांगली होती, तीही गेली.

---

शुभांगी_फ्रीमाँट · ८ ऑगस्ट

मागची बाजू हे मीच विचारायला हवं होतं तिथल्या मुलीला, सुचलं नाही. पुढच्या पहिल्या गुरुवारी विचारू. आईंना सांग, ४ सप्टेंबर. दशम्या मी आणते, त्यांनी नुसती लसणाची चटणी आणावी.

आणि कँटरची शरद ऋतूतली नवी प्रदर्शनं आई जायच्या आत उघडतायत का ते साइटवर बघून ठेव. परतीचं तिकीट कितीचं आहे?

---

मीनल_सनीव्हेल · ८ ऑगस्ट

१४ ऑक्टोबर. बघून सांगते. डब्यात चटणी उरलीय, ४ तारखेपर्यंत थांबायची नाही ती, शनिवारी घेऊन येऊ का?